आतड्याच्या तारा

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा ज्या कारकुनांना सरकारनं टोपलीत भरून तिथं नेऊन ओतलं, त्यांतला मी एक. मूळचा नायगावचा, नोकरी नांदेडला, वय तिशीच्या आत आणि लग्न दोनदा ठरता ठरता राहिलेलं. एके दिवशी हातात ऑर्डर पडली आणि मी ट्रंक घेऊन लातूरच्या स्टँडवर उतरलो. जिल्हा नवा म्हणजे काय, तर पाटी नवी. बाकी टेबलं, खुर्च्या, कपाटं सगळं जुन्या जिल्ह्याच्या वाटणीतून आलेलं. भावाभावांच्या वाटणीत जे होतं तेच झालं होतं. धड होतं ते तिकडं राहिलं, मोडकं इकडं आलं. माझ्या खुर्चीला एकच हात होता, आणि तोही बसलं की गळून पडायचा.

पण खुर्चीचं सोडा. खोली मिळेना. नव्या जिल्ह्यात एकदम इतके नोकरदार येऊन पडले की घरमालकांचा भाव वधारला होता. कुठल्याही दारात उभं राहिलं की पहिला प्रश्न एकच, "मटन खाता का?" मी छातीवर हात ठेवून सांगायचो, "छे हो! शिवतसुद्धा नाही." साफ खोटं. आयतवारी मटण नसलं तर मला सोमवारी ताप येतो. पण गरज माणसाला काय काय बोलायला लावते! घरमालकांना मात्र खरं काय ते माझ्या चेहऱ्यावरूनच कळायचं.

अशा पाच-सहा दारांवरून हात हलवत आल्यावर गोलाईच्या, म्हणजे गावातल्या गोल बाजारपेठेच्या, मागच्या गल्लीत एका लिंगायताच्या घरासमोर उभा राहिलो. दारात एक ठेंगणीशी, काटक बाई. कपाळावर विभूतीचे ठसठशीत आडवे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. मनात म्हटलं, इथं तर जास्तच सोवळं पाळावं लागणार.

"मटन खाता का?"

"शिव शिव! ह्या जन्मात नाही, काकू."

"मग खोली न्हाई," असं म्हणून बाईंनी दार लावून घेतलं.

मी वेड्यासारखा बघतच राहिलो. म्हटलं ऐकण्यात चूक झाली का काय. तेवढ्यात आतून पुरुषाचा आवाज आला, "आगं थांब की. खरं बोलून राहिला का खोटं, ते तर बघ." दार पुन्हा उघडलं. धोतर, बंडी, पांढरी टोपी, अंगाला सरकीच्या पेंडीचा वास. त्या गृहस्थांनी एक डोळा मिटून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "पाव्हनं, शपथ-बिपथ नगं. नुसतं खरं सांगा. खाता का?"

माझा धीर सुटला. "खातो. कधीमधी. म्हणजे दर आयतवारी."

दोघांचेही चेहरे दिवाळीसारखे उजळले. "आता कसं!" म्हणत त्यांनी मला हाताला धरून आत नेलं.

हे मन्मथअप्पा. गंजात, म्हणजे आडत बाजारात, त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. आणि त्या दारातल्या बाई म्हणजे त्यांच्या पत्नी, शिवकांताकाकू. खाणारा भाडेकरूच का हवा, ह्याचा उलगडा खोलीत गेल्यावर झाला. भिंतीला खुंटीवर गोधडीत गुंडाळलेलं, लहान पोराएवढं काहीतरी टांगलं होतं.

काकू उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "त्ये ह्येंचं वाद्य. बकऱ्याचं कातडं हाय त्याला, आन् तारा हायत आतड्याच्या. आमच्या देवघराच्या भिंतीला ते ऱ्हानार न्हाई. खानाऱ्याच्या खोलीत ऱ्हाईल. आन् ध्यानात ठेवा, खायचं ते भाईर. हितं अंडंबी उकडायचं न्हाई."

म्हणजे खोली मला मिळाली नव्हती. खोली वाद्याला मिळाली होती आणि वाद्याला सोबत म्हणून मला ठेवलं होतं. जिभेनं कमावलेली ती माझ्या आयुष्यातली एकमेव मिळकत.

वाद्याचं नाव रबाब. पण हा नेहमी दिसतो तो काबुली रबाब नव्हे. हा जुना, ध्रुपदाच्या काळातला. लांबलचक लाकडी पोट, त्यावर ताणलेलं कातडं, सहा तारा आणि त्या सगळ्या आतड्याच्या. सूर कुठं आहे हे सांगायला सतारीसारखे पडदे नाहीत. बोटानं आपला आपण शोधायचा. आवाज खर्जातला, जाडसर, रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हळूच बोलावं तसा. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला वाटलं शेजारच्या म्हशीचं काहीतरी बिनसलंय. आठ दिवसांनी वाटलं, म्हैस शहाणी आहे. महिन्याभरानं मी दफ्तर सुटलं की पाय उचलून घरी यायला लागलो, कारण सहाला अप्पा माझ्या खोलीत येऊन गोधडी सोडायचे.

अप्पांची एक खोड होती. जगातल्या कुठल्याही आवाजाला ते आधी सूर विचारायचे. एक डोळा मिटला की समजायचं, चालली ह्यांची तपासणी. पिठाच्या गिरणीचा पट्टा पंचमात आहे, समोरच्या घरातलं दार कोमल रिषभात करकरतं, असं सगळं त्यांच्याकडं नोंदलेलं. सरकीचं पोतं विकत घेताना ते त्याच्यावर थाप मारून कान लावायचे आणि दलालाला सांगायचे, "ह्यात ओल हाय. बद्द बोलतंय." दलाल कपाळावर हात मारून घ्यायचा, पण पोतं उसवलं की ओल निघायचीच. एकदा आमचे साहेब जीपमधून जाताना माझ्यावर रस्त्यातच खेकसले. मी काळाठिक्कर पडलो. अप्पा शेजारी उभे होते. मी म्हटलं आता धीर देतील. तर हे म्हणतात, "तुमचे साहेब तीव्र मध्यमात बोलून राहिले. कुनी उतरवत न्हाई का त्यास्नी?"

हे सगळं अप्पा शिकले नांदेडात. निजामाच्या राजवटीची शेवटची वर्षं. वडिलांनी त्यांना तिथं मामाच्या दुकानात धंदा शिकायला पाठवलं. दुकानासमोरच्या बोळात मुनीरमियाँ नावाचे एक उस्ताद राहायचे. त्यांचे वाडवडील हैदराबादेत दरबारी वाजवणारे, आणि हे स्वतः लोकांच्या हार्मोनियमचे भाते दुरुस्त करून पोट भरायचे. अप्पा एकदा पेंडीचं पोतं पोचवायला त्या बोळात गेले ते संध्याकाळपर्यंत परत आलेच नाहीत. मामानं शोधायला माणूस धाडला. पोतं दारात, बकरी पोत्यात तोंड घालून आणि भाचा आत मांडी ठोकून बसलेला. दहा वर्षं हेच चाललं. धंदा शिकायला गेलेला पोरगा धंद्याचं सोडून सगळं शिकला.

उस्तादांची नक्कल करताना अप्पा एकदम दखनीवर यायचे. "लोहे का तार लगायेगा तो मेरे घर कू आना नक्को. लोहा बात नै करता, चिल्लाता." ही पहिली अट. म्हणून अप्पांनी जन्मभर आतड्याची तात सोडली नाही. ती मिळायची पिंजाऱ्याकडं, कापूस पिंजायच्या धनुष्याला लावतात तीच. तार तुटली की अप्पा पिंजारगल्लीत जाऊन गुपचूप वेटोळं घेऊन यायचे, धोतराच्या सोग्यात लपवून. दारात काकू उभ्याच. "सोगा झटका." अप्पा सोगा झटकायचे, वेटोळं खाली पडायचं, काकू दोन पावलं मागं सरायच्या. मग अप्पांनी आधी आंघोळ करायची, विभूती लावायची आणि मगच स्वयंपाकघराकडं वळायचं. हा कार्यक्रम मी दहा-बारा वेळा तरी पाहिला. दोघंही आपापलं काम इतकं मन लावून करायचे की मला वाटायचं, हेही कुठल्या तरी शास्त्रात लिहिलेलं असावं.

उस्तादांची दुसरी अट मात्र अप्पांच्या मानगुटीवर बसली होती. ते म्हणाले होते, "पहले घरवाली कू सामने बिठा के सुना. उनों बैठ के सुने, तो बाहर बजा. नै तो नक्को बजा." उस्ताद गेले आणि अट मागं राहिली. अप्पांचं लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली होती, आणि काकू समोर बसून ऐकणं सोडाच, अप्पांनी तार छेडली की त्या उखळ घ्यायच्या. कारळाची चटणी, जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी. इकडं आलाप सुरू झाला की तिकडं धबाधब मुसळ. आलाप लांबला की चटणी बारीक व्हायची. त्या घरात चटणी कधी कमी पडली नाही. गल्लीतल्या बायका वाटीभर मागायला यायच्या तेव्हा विचारायच्या, "आज कुठल्या रागाची हाय?"

म्हणून अप्पांनी कधी चार माणसांत बसून वाजवलंच नव्हतं. साठीला आलेला माणूस, असला हात, आणि ऐकायला कोण? मी आणि म्हैस. एकदा वाजवता वाजवता थांबून त्यांनी डाव्या हाताची बोटं माझ्यापुढं धरली. करंगळीशेजारचं बोट पुरतं मिटत नव्हतं. "ह्ये बोट वर्सा-दोन वर्सांत जानार. त्येच्या आत एकदा तरी लोकांत बसून वाजवावं वाटतंय वो, नायगावकर. उस्तादांचं वाजवनं माझ्यासंगं जाईल न्हाईतर." मला सगळे गावावरूनच हाक मारायचे. मी उगीच गोधडीची घडी मोडून पुन्हा घातली.

त्यात दुष्काळ पडला. पहिलं वर्ष कसंबसं निघालं, दुसऱ्या वर्षी विहिरींनी तळ दाखवला. चार दिवसांनी एकदा नळ, पुढं तोही बंद आणि टँकर सुरू. सगळा जिल्हा आभाळाकडं डोळे लावून बसला होता, आणि त्या सबंध जिल्ह्यात अप्पांचा रबाब तेवढा खुशीत होता. त्याचं असं की पावसाळ्यात दमट हवेनं कातडं ढिलं पडायचं, आवाज ओल्या गोणपाटासारखा व्हायचा. चार महिने अप्पा शेगडीवर कातडं शेकत बसायचे. आता दोन वर्षं हवेत ओल म्हणून नाही. कातडं कसं टणटणीत! आवाज असा सुटायचा की अंगावर काटा यावा. अप्पा वाजवता वाजवता हरखून म्हणायचे, "बघा, आज काय गोड बोलतंय!" आणि लगेच जीभ चावून गळ्यातल्या लिंगाला हात लावायचे. "वंगाळच की वो हे. लोकं पान्यासाठी तडफडून राहिली आन् मी खूश. शिव शिव, पाऊस पडू दे रे बाबा." मग हळूच, "पर दोन दिसांनी."

कातडं ढिलं पडलं की पाऊस जवळ आला, हे गंजातल्या व्यापाऱ्यांना कळलं, आणि रेडिओवरच्या हवामानाला कुणी विचारेना. सकाळी दुकानं उघडली की, "अप्पा, काय म्हनतंय तुमचं?" अप्पा मान हलवायचे, "ताठ हाय." गंजभर उसासे. असं कित्येक दिवस चाललं. आणि एका सकाळी अप्पांनी माझ्या खोलीत येऊन कातड्यावर बोट वाजवलं तर आवाज बद्द. पुन्हा वाजवलं, पुन्हा बद्द. धावतच गंजात गेले. "ढिलं पडलं! पडलं वो ढिलं!"

मग काय विचारता! आडत्यांनी पोत्यांवर ताडपत्र्या टाकल्या. कुणी पेढे मागवले. बाजाराला आलेल्या लोकांनी अर्धी खरेदी टाकून गाड्या जुंपल्या, घरावरची कौलं नीट करायला. शाळेच्या हेडमास्तरांनी पोरं भिजतील म्हणून दुपारीच घंटा दिली. आणि आभाळ? पुसून ठेवलेल्या ताटासारखं लख्ख. चार वाजले, पाच वाजले. पेढे संपले.

संध्याकाळी अप्पा खोलीत आले आणि दारातच थबकले. आदल्या दिवशी टँकरवर मला भरपूर पाणी मिळालं होतं. ठेवायला जागा नव्हती म्हणून मी बादल्या, कळश्या, काकूंचं मोठं घंगाळ, सगळं भरून ओळीनं भिंतीशी मांडलं होतं. पाणी गार राहावं म्हणून वर ओली पोती पांघरली होती. बरोबर रबाबाच्या खुंटीखाली. अप्पांनी एक डोळा मिटला. "नायगावकर, गंजाचा पाऊस तुमच्या घंगाळात पडला व्हय?"

मला धरणी फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. मला वाटलं आता हे मला ट्रंकेसकट बाहेर काढतील. पण अप्पा एक शब्द रागानं बोलले नाहीत. खाली बसले आणि म्हणाले, "मघाशी एका म्हाताऱ्यानं इचारलं, अप्पा, खरंच येनार व्हता का वो? मी काय सांगू त्येला?" त्या दिवशी त्यांनी गोधडी सोडली नाही. पुढं महिनाभर दुकानात मागच्या बोळानं जात राहिले, आणि पावसाबद्दल पुन्हा कुणाला काही म्हणून सांगितलं नाही.

ह्याची भरपाई म्हणून मी जे केलं, ते आणखी वाईट होतं.

नव्या जिल्ह्याचा वाढदिवस करायचा असं वरून ठरलं. सगळ्या खात्यांना हुकूम आला, जिल्ह्यातली वैशिष्ट्यं कळवा, कलावंतांची नावं कळवा. आमच्या खात्याचा रकाना कोरा. साहेब तीव्र मध्यमात ओरडले. मी घाबरून, आणि अप्पांचीही भरपाई होईल असं वाटून, लिहून टाकलं: दुर्मिळ प्राचीन वाद्य रबाब, वादक मन्मथअप्पा. दुसऱ्याच दिवशी बोलावणं. शाळेच्या मैदानावर, संध्याकाळी पाच वाजता, अप्पांचं वादन. छापील पत्रिकेत नाव!

साहेबांनी अप्पांना चहा पाजला आणि म्हणाले, "मेघ मल्हार वाजवा. दुष्काळात मेघ, आणि त्यात चार थेंब जरी पडले तरी पेपरात येईल."

अप्पा नम्रपणे म्हणाले, "साहेब, थेंब पडले की ह्ये वाद्यच बंद पडतंय. मग पुढचा मेघ कोन वाजवनार?"

साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू वाद्य मीच बनवलं होतं.

बाहेर आल्यावर अप्पा माझ्यावर उखडले. मी त्यांना रागावलेलं तेवढं एकदाच पाहिलं. "कुनाला इचारून नाव घातलं? उस्तादांचा सबूद तुम्हाला म्हाईत हाय का न्हाई? ती ऐकल्याबिगर मी भाईर कसा बसू?" दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी मीच धीर करून काकूंकडं गेलो. त्या ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी वकिली सुरू केली. म्हटलं काकू, तुमच्या भजनात मृदंग असतो, त्यालाही कातडंच असतं की.

"मृदंगाला आतडी न्हाईत," काकू म्हणाल्या.

खटला तिथंच खारीज झाला. मी उठलोच होतो. तेवढ्यात त्या सुपाकडं बघतच बोलायला लागल्या. "आन् कातड्या-आतड्याचं सोडा. मी ह्या घरात आले तवा ते आधीच खुंटीला व्हतं. माझ्या आधीचं. गावभर सांगत्यात, उस्तादांची आट हाय, घरवालीनं बसाया पायजे. पिंजाऱ्याला सांगितलं, तुम्हाला सांगितलं. मला कवा इचारलं? पंचवीस वर्सांत एकदा म्हनले का, शिवकांता, जरा बस? एकदा?" आणि त्यांनी सूप असं पाखडलं की खड्यांसकट ज्वारी अंगणात.

मी ते जसंच्या तसं अप्पांना जाऊन सांगितलं. अप्पांनी एक डोळा मिटला, मग दुसराही मिटला. "आता कोनत्या तोंडानं इचारू?" एवढंच म्हणाले. रागाचा कुठलाही अवघड सूर बिनचूक उचलणारा माणूस, पण बायकोला 'बस' म्हणायचं म्हटलं की त्याला सूर सापडत नव्हता.

शेवटी मीच सुचवलं. टँकर एक दिवसाआड संध्याकाळी त्याच शाळेच्या मैदानावर यायचा. काकू दुपारपासून घागरींच्या रांगेपाशी असणारच. तिथं उखळ नाही. "तुम्ही वाजवा. त्यांच्या कानावर पडेलच."

अप्पा विचारात पडले. "उस्ताद बसून म्हनले व्हते. उभं ऱ्हाऊन ऐकलेलं चालतंय का?"

"ते तुम्ही वर गेल्यावर त्यांना विचारा. इथं पत्रिका छापून झाल्यात."

तो दिवस आला. मैदानात एका बाजूला मांडव आणि सतरंज्या, दुसऱ्या बाजूला फाटकापाशी घागरींची ही लांबलचक रांग. माणसं रांगेत उभी राहत नसत. घागरी उभ्या राहत आणि माणसं सावली धरत. त्या दिवशी मांडवाचीच सावली होती, त्यामुळं श्रोत्यांची गर्दी अशी लोटली की साहेबांना भरून आलं. नव्या जिल्ह्याला कलेची एवढी आवड असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. काकू मात्र मांडवाच्या कडेला खांबाला टेकून, रांगेवर नजर ठेवून उभ्या. मला पाहताच म्हणाल्या, "मी पान्याला आलेय."

अप्पा स्टेजवर बसले. नवं धोतर, ठळक विभूती, खांद्याशी टेकवलेला रबाब. निवेदकानं माइक पुढं केला, दोन शब्द बोला म्हणाला. अप्पांनी घसा साफ केला. पुन्हा केला. मला वाटलं, उस्तादांचं नाव घेतील. तर अप्पा म्हणाले, "आमच्या घरच्यांना... शिवकांता, पानी येईस्तोवर जरा बसतीस का?"

मैदान हसून लोळलं. बायकांनी काकूंना खांबापासून ढकलत ढकलत पुढं आणलं. काकूंचा चेहरा लालबुंद. "काय मेलं माइकातून!" असं म्हणत त्या पहिल्याच सतरंजीच्या कडेला बसल्या, पण उकिडव्या. केव्हाही उठता येईल अशा.

अप्पांनी डोळे मिटले आणि श्रीराग धरला. इतके दिवस मी खोलीत ऐकत होतो, पण त्या कोरड्या हवेत, उघड्या मैदानात तो आवाज जो सुटला, त्याचं काय सांगू! पहिल्या पाच मिनिटांत पोरं गप्प झाली. दहा मिनिटांत साहेब गप्प झाले.

आणि फाटकातून टँकर आत शिरला.

हॉर्न वाजला मात्र, मांडव रिकामा! श्रीराग कसला आणि काय कसलं. सतरंज्या लाथाडत, चपला टाकून माणसं रांगेकडं धावली. स्वागताध्यक्ष धावले. साहेबांच्या ड्रायव्हरनं स्टेजखालून कळशी काढली. आणि मी? मी काय संतमहात्मा आहे? माझी बादली रांगेत सोळावी होती. मीही धावलो.

बादली हातात आल्यावर वळून पाहिलं. स्टेजवर अप्पा डोळे मिटून वाजवतायत. त्यांना कशाचाच पत्ता नाही. समोर सगळ्या सतरंज्या मोकळ्या, आणि कडेला एकट्या काकू उकिडव्या बसलेल्या. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "शिवकांताबाई! नंबर आला तुमचा! घागर!" काकूंनी मान वळवली नाही. दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा नुसता हात वर करून गप्प बसा अशी खूण केली. रांग कुणासाठी थांबते? मागच्या बाईनं काकूंची घागर पायानं बाजूला सारली. ती गडगडत जाऊन कुंपणाला लागली. ती मी उचलून भरायला हवी होती. पण माझा नंबर आला होता. मी माझीच बादली भरली, हे आजही सांगताना मला लाज वाटते.

टँकर गेला. माणसं हंडे-कळश्या सांभाळत परस्पर घराकडं पांगली. मी भरली बादली घेऊन मांडवाशी आलो तेव्हा अप्पांनी शेवटचा खर्ज सोडला आणि डोळे उघडले. समोर एवढं मोठं मैदान, आणि त्यात बायको.

"लोकं कुठं गेली?"

"टँकर आला व्हता."

"आला?" अप्पांचा चेहरा उतरला. "मग पानी?"

"गेलं."

अप्पांचा हात रबाबाच्या गळ्यावर तसाच होता. काकूंनी पदरानं तोंड पुसलं.

"संपलं का? मला वाटलं आजून हाय," काकू म्हणाल्या.

"हाय," अप्पा कसेबसे म्हणाले. "लई हाय."

"मग वाजवा की." एवढं म्हणून त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. माझ्याकडं म्हणजे माझ्या बादलीकडं. "नायगावकर, असं करा. ती बादली आमच्या रांजनात वता आन् दार लोटून घ्या. मी ऐकून येते."

बादली उचलली आणि निघालो. फाटकापाशी मागं वळून पाहिलं. अप्पा खुंट्या पिळत खाली वाकले होते, आणि सतरंजीच्या ऐन मधोमध शिवकांताकाकू मांडी ठोकून बसल्या होत्या.